सायंकाळी सातची वीज : ठाणे, ऐरोली, चोंढे

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जवळजवळ दोनशे देशांनी एकमताने मान्य केले की, २०३० पर्यंत जगातील नवीकरणीय विजेची स्थापित क्षमता तिप्पट करून ती ११,००० गिगावॉटच्या घरात न्यायची. ठराव मोठा आहे आणि त्यामागची निकडही खरी आहे, कारण २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. परंतु असा ठराव प्रत्यक्षात उतरतो तो कोणाच्या तरी गच्चीवर, कोणाच्या तरी शेतातून जाणाऱ्या तारांवर आणि कोणत्या तरी उपकेंद्रात. तो कसा उतरतो हे आपल्याच जिल्ह्यात हिंडून पाहावे, या हेतूने मे महिन्यातील एक आठवडा आम्ही राखून ठेवला. सोबत वीज मंडळात सारी नोकरी घालवलेले एक स्नेही होते आणि सौर संच बसवण्याच्या व्यवसायात असलेली त्यांची भाची होती. ती त्यांना मामा म्हणते आणि मला काका, आणि दोघांचेही म्हणणे सहजासहजी मान्य करत नाही, हे प्रवासाच्या दृष्टीने फार सोयीचे ठरले.

सोमवार, ठाणे

पोखरण रस्ता क्रमांक दोनवरील एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर सकाळी साडेअकराला पोहोचलो, तेव्हा पायाखालची फरशी चपलेतूनही चटके देत होती. या गच्चीवर ३० किलोवॉटचा सौर संच आहे. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि जिन्याचा माथा सोडला तर गच्चीचा बहुतेक भाग पॅनलखाली गेला आहे. पॅनल माणूस खालून सहज चालू शकेल इतक्या उंच जस्ती सांगाड्यावर चढवले आहेत. त्यामुळे खर्च वाढला. पण कोजागरी आणि गणपतीतले सामूहिक जेवण याच गच्चीवर होते आणि ते सोडायला एकही सभासद तयार नव्हता, असे सोसायटीच्या खजिनदारांनी सांगितले. सांगाड्याची उंची ठरली ती मसाला दुधाच्या कढईवरून, हे कोणत्याही तांत्रिक पुस्तिकेत सापडणार नाही.

खजिनदार उत्साहाने म्हणाले, “अहो, असे कडक ऊन असले की आमचे मीटर नुसते पळते.” भाचीने पिशवीतून पिस्तुलासारखा तापमापक काढून पॅनलवर धरला. आकडा आला ६३. पॅनलची क्षमता कारखान्यात २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि सिलिकॉनचा घट (सेल) त्याहून जसजसा तापतो तसतसे दर अंशामागे त्याचे उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. म्हणजे त्या भर उन्हात संच आपल्या क्षमतेपैकी जवळजवळ १३ टक्के केवळ उष्णतेपायी गमावत होता. सौर विजेला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. म्हणूनच फेब्रुवारीतील स्वच्छ दिवस तिला मेमधल्या काहिलीपेक्षा पुष्कळदा अधिक मानवतो.

पावसाळ्यात मात्र उत्पादन खरोखरच बसते. ठाण्याच्या जुलैत काही दिवस असे जातात की संच दिवसभरात दुपारच्या एका तासाइतकीही वीज देत नाही. असे सगळे धरून वर्षाच्या अखेरीस एका किलोवॉटमागे सुमारे १४०० युनिट पदरी पडतात, म्हणजे या गच्चीवरून वर्षाला साधारण ४२,००० युनिट. देशाच्या ग्रिडमधील, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातील, एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे. त्या हिशेबाने ही एक गच्ची वर्षाकाठी २९ टन कार्बन डायऑक्साइड वाचवते. ज्या पावसात ठाण्याचे पॅनल झोपतात त्याच पावसात सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जोरात फिरतात, हा निसर्गाने आयता जुळवून दिलेला मेळ आहे, आणि सौर व पवन यांचे नियोजन एकत्र करावे लागते ते याचसाठी.

आर्थिक बाजू तर आता वादाची राहिलेली नाही. गेल्या दशकात पॅनलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. पंतप्रधान सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि गृहनिर्माण संस्थेला सामायिक वापरासाठी दर किलोवॉटमागे १८,००० रुपये. पाकिस्तानात तर २०२४ या एका वर्षात १७ गिगावॉटच्या आसपास पॅनल आयात झाले. त्यामागे मोठी सरकारी मोहीम नव्हती, ग्रिडची वीज परवडेनाशी झाली म्हणून लोकांनीच ते विकत घेऊन छपरांवर चढवले. प्रचारापेक्षा किंमत अधिक पटवून देते, हे मला त्या उदाहरणात दिसते.

मग ठाण्यातल्या निम्म्याहून अधिक गच्च्या अजून मोकळ्या का, हा प्रश्न मी भाचीला विचारला. तिने अनुदान, कर्ज, परवानगी यांपैकी काहीच न सांगता एकच शब्द उच्चारला : “पुनर्विकास.” ज्या इमारती तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या त्यांच्या सभासदांच्या मनात विकासकाचे प्रस्ताव घोळत असतात, इमारत पाचेक वर्षांत पडणार असेल तर २५ वर्षे चालणारा संच कोण बसवील? आणि जिथे पुनर्विकास झाला तिथे दुसरी अडचण उभी राहते. सात मजल्यांच्या जागी तीस मजले आले की वापरणारी घरे चौपट होतात आणि गच्ची तेवढीच राहते. शिवाय शेजारच्या जुन्या इमारतीवर तिची सावली पडते. आम्ही उभे होतो त्या गच्चीवरही पश्चिमेकडील नव्या टॉवरची सावली चार वाजण्याच्या सुमारास पॅनलच्या शेवटच्या ओळीवर चढते. पॅनल एकामागे एक माळेत जोडलेले असल्यामुळे एकावर पडलेली सावली साऱ्या माळेचा प्रवाह रोखते. बांधकामाच्या नियमांत अंतरांची चर्चा होते, अग्निशमनाची होते. शेजाऱ्याच्या उन्हाची अजून होत नाही, आणि ती व्हायला हवी असे माझे मत आहे.

कोपऱ्यात जुन्या सौर बंबांच्या गंजलेल्या नळ्या पडल्या होत्या. ठाण्यात नव्या इमारतींवर सौर बंबांची अट आली तेव्हा ते बसवले गेले, क्षारांनी तुंबले आणि दुरुस्तीला कोणी आले नाही. सक्ती यंत्र बसवून घेऊ शकते, त्याची निगा राखू शकत नाही.

सायंकाळी पुन्हा त्याच इमारतीत चहाला गेलो. साडेसहाला इनव्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा शून्याजवळ आला होता. सात वाजता खालच्या पटांगणातून पाहिले तर प्रत्येक मजल्यावर दिवे लागले होते, एकेक वातानुकूलन यंत्र सुरू होत होते, लिफ्ट क्षणभर थांबत नव्हती. स्नेही म्हणाले, “तुमचा सगळा हवामानाचा प्रश्न या तासात आहे.” पुढचे सगळे दिवस आम्ही या सात वाजताच्याच मागावर होतो.

मंगळवार, ऐरोली

ठाण्याहून ट्रान्सहार्बर मार्गावरील लोकल पकडली. गाडी दिघा गाव ओलांडून ऐरोलीकडे निघाली की मनोऱ्यांचे जंगल दिसू लागते. कळव्याच्या अतिउच्चदाब उपकेंद्रात निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या वाहिन्या इथे एकवटतात. याच परिसरात, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, राज्य भार प्रेषण केंद्र आहे. रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून बसने जातात आणि आत काय चालते याची त्यांना कल्पना नसते. आत जाण्याचा आमचा अधिकार नव्हता. स्नेह्यांनी रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली उभे राहून ते समजावले.

वीज ही साठवून विकण्याची वस्तू नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी ती कुठेतरी निर्माण व्हावी लागते आणि हे दोन्ही काटे जुळले आहेत की नाहीत ते वारंवारिता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, सांगते. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ ठरलेली असून ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात तिला राखावे लागते. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती वाढली की चढते. भार प्रेषण केंद्रातील माणसे आठवड्याचे सातही दिवस, दिवसाचे चोवीसही तास, प्रत्येक पंधरा मिनिटांच्या खंडाचे वेळापत्रक आखून कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे ठरवतात. पूर्वी त्यांच्यापुढचे कोडे एकच होते : लोक किती वापरतील? आता दुसरेही आहे : ढग कधी येतील आणि वारा कधी पडेल?

देशाची विजेची मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॉटवर गेली, तो तोवरचा उच्चांक होता. ती दुपारची वेळ होती आणि सौर प्रकल्प भरात असल्यामुळे तो भार पेलणे शक्य झाले. स्नेह्यांच्या पिढीला अवघड वाटे ती दुपार आज सोपी झाली आहे. सूर्य कलू लागला की दोनअडीच तासांत देशभरातील सौर निर्मिती शून्यावर येते आणि नेमके त्याच वेळी घरांतील मागणी चढते. ती पोकळी भरण्यासाठी औष्णिक केंद्रांना दुपारी मंदावून सायंकाळी झपाट्याने वर यावे लागते, आणि कोळशाचा बॉयलर अशा चढउतारासाठी घडवलेलाच नसतो. “त्याला घाई चालत नाही,” स्नेही म्हणाले, “घाई केली की नळ्या फुटतात.”

अशा वेळी सौर विजेला बोल लावण्याची घाई मात्र सर्वत्र होते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश भरदुपारी अंधारात गेले, तेव्हा काही तासांतच सौर आणि पवन ऊर्जेला आरोपी ठरवून लोक मोकळे झाले. पुढे युरोपीय ग्रिड संस्थांच्या चौकशीत व्होल्टेज हाताबाहेर चढत जाऊन साखळीने केंद्रे बंद पडल्याचे दिसले, म्हणजे दोष व्होल्टेज नियंत्रणाच्या व्यवस्थेत होता. आपल्याकडील उदाहरण तर इथलेच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदम बंद पडली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या आणि ऑनलाइन परीक्षा खोळंबल्या. कारण होते कळवा-पडघा पट्ट्यातील ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्यांमधील बिघाड. त्या दिवशी सूर्याचा आणि वाऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता. तारा कमी असल्या की वीज कशापासून बनते याला महत्त्व उरत नाही, आणि नवीकरणीय ऊर्जेच्या जागतिक चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते या तारांविषयीच.

परतताना रबाळे आणि महापेच्या बाजूला नवी खिडकीविहीन दालने दिसतात. ती डेटा केंद्रे आहेत. जुन्या कारखान्यांच्या पाळ्या असत, सुट्ट्या असत. या इमारतींना रात्र ठाऊक नाही. त्यांच्या मालकांपैकी अनेक जण आपण १०० टक्के हरित वीज वापरतो असे जाहीर करतात, ते वर्षाच्या गोळाबेरजेत खरेही असते; परंतु पहाटे तीन वाजता त्यांच्या तारांतून धावणारी वीज कोणाची, हा प्रश्न त्या बेरजेत झाकला जातो. वर्षाचा हिशेब तासावर आणणे ही या क्षेत्रातील पुढची लढाई आहे. इमारतींच्या पाठीमागे ओळीने उभे असलेले डिझेल जनित्रांचे डबे पाहून भाची फक्त “पाहा” एवढेच म्हणाली.

बुधवार, तुर्भे

या दिवसाविषयी थोडक्यातच लिहितो. वाशीच्या घाऊक बाजारात पहाटे कोबीचा पाला, सडके टोमॅटो आणि कलिंगडाच्या साली यांचे ढीग पाहिले. हा ओला कचरा तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर उघड्यावर कुजला तर त्यातून मिथेन सुटतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू आहे. तोच बंद टाकीत कुजवला तर इंधन होतो. खाडीपलीकडे तुर्भ्याच्या समोरच भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि तिथेच निसर्गऋण हा दोन टप्प्यांचा बायोगॅस संच विकसित झाला : आधी उष्णतेत हवेसह पचन, मग हवेविना. मोठ्या शहराच्या एकूण गरजेत बायोगॅसचा वाटा लहानच राहणार, पण त्याचा एक गुण सौर विजेजवळ नाही. तो टाकीत थांबून राहतो आणि सायंकाळी सातला जाळता येतो.

गुरुवार, चोंढे

पहाटेची कसारा लोकल धरून आसनगावला उतरलो आणि शहापूर, डोळखांब असे करत गाडीने चोंढ्याला, घाटघर जलविद्युत प्रकल्प पाहायला गेलो. डोळखांब सुटल्यावर उजवीकडे आजोबाचा डोंगर उभा राहतो आणि समोर घाटमाथ्याची काळीशार भिंत आडवी येते. रस्त्यात पाण्याचे टँकर भेटत होते. भातसा, तानसा, मोडकसागर या धरणांचा हा तालुका मुंबईची तहान भागवतो आणि मे महिन्यात त्याच्याच पाड्यांवर बायकांच्या हंड्यांच्या रांगा टँकरची वाट पाहतात. डोळखांबच्या चहाच्या टपरीवर एका आजींनी आम्ही कुठे निघालो ते विचारले आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, “ते पाणी वर जातं, खाली येतं, आमच्याकडं काय येत न्हाई.” घाटघर प्रकल्पाचे याहून नेमके वर्णन मी कोठे वाचलेले नाही.

पाणी खरोखरच वर जाते आणि खाली येते. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा वरचा जलाशय घाटमाथ्यावर, प्रवरा नदीच्या उगमाकडील भागात आहे; खालचा जलाशय इथे, ठाणे जिल्ह्यात, चोंढ्याला. दोहोंमध्ये सुमारे ४०० मीटरची उंची आहे. वीजगृह डोंगराच्या पोटात असून त्यात प्रत्येकी १२५ मेगावॉटचे दोन संच आहेत. विजेची टंचाई असते तेव्हा वरचे पाणी बोगद्यातून खाली सोडून वीज काढायची आणि वीज शिल्लक असते तेव्हा तेच संच उलटे फिरवून, पंप म्हणून वापरून, पाणी पुन्हा वर चढवायचे. प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या तंत्राने बांधलेली भारतातील पहिली धरणे आहेत. आम्हाला दिसले ते खालच्या धरणाची करडी भिंत, तिच्यापलीकडचे हिरवट, अगदी स्थिर पाणी आणि डोंगरात शिरणारा एक बंदिस्त रस्ता. फाटकावरच्या रखवालदाराने नम्रपणे पण ठामपणे तिथून पुढे जाऊ दिले नाही. त्याच्या खोलीच्या पत्र्यावर एक छोटासा सौर पॅनल होता.

धरणाच्या कठड्याशी सावलीत बसून स्नेह्यांनी वहीत गणित मांडले. एक हजार लिटर पाणी, म्हणजे बाजारात मिळणारी एक काळी प्लास्टिकची टाकी, ४०० मीटरवरून खाली आली की यंत्रातील गळती वजा जाता जवळजवळ एक युनिट वीज मिळते. एवढ्या उंचीवरून, एवढ्या पाण्यातून, एक युनिट. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने तासभर चालले तर अडीच लाख युनिट होतात, म्हणजे त्या तासाला डोंगरातून किती पाणी उतरावे लागते याचा अंदाज बांधता येतो. भाचीने विचारले, “मामा, मग आपल्या सोसायटीच्या टाकीचं असं काही करता येईल?” गणित त्याच पानावर पुढे चालू राहिले. पन्नास हजार लिटरची टाकी सात मजल्यांवरून सोडली तर तीन युनिटही मिळत नाहीत. साठवणुकीला डोंगर लागतो, आणि डोंगर असण्याच्या बाबतीत ठाणे जिल्हा भाग्यवान आहे.

पाणी चढवायला जेवढी वीज लागते तिच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश परत मिळते. हा तोटा वाया गेला असे म्हणण्याचे कारण नाही, ती वेळेची किंमत आहे. या प्रकल्पाची आखणी झाली तेव्हा फुकट जाणारी वीज मध्यरात्रीची होती, कारण औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नसत आणि शहरे झोपलेली असत. म्हणून पाणी रात्री चढवायचे आणि वापराच्या ऐन वेळी उतरवायचे, अशी कल्पना होती. आता सौर विजेमुळे शिल्लक भरदुपारी पडू लागली आहे. तेच संच, तोच बोगदा आणि तेच पाणी ठेवून फक्त घड्याळ फिरवले, पाणी दुपारी चढवले, तर कोळशासाठी बांधलेला प्रकल्प सूर्यासाठी चालू शकतो. मला हा या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा शोध वाटला, जरी वीज क्षेत्रातील माणसांना त्यात नवे काही नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात याच तर्काने घरांतील विजेचे बंब पूर्वी मध्यरात्री तापत, ते आता दुपारी तापवायला सुरुवात झाली. त्या देशात सुमारे तीनपैकी एका घरावर पॅनल आहेत.

जगभर आजवर विजेची जी साठवण झाली तिच्यात अशा उदंचन प्रकल्पांचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. बॅटऱ्या वेगाने स्वस्त होत आहेत आणि दोन-चार तासांच्या साठवणुकीसाठी त्या आता हाताशी आल्या आहेत. परंतु बॅटरी काही वर्षांनी थकते, तिला लिथियम लागते. धरणाची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. उलट धरणाला जमीन लागते, जंगल लागते, आणि सह्याद्रीत असे अनेक नवे प्रकल्प प्रस्तावित होत असताना, जमीन देणाऱ्या पाड्यांच्या पदरात काय पडले हा आजींचा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे. जगाच्या पातळीवरही हाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. २०२४ मध्ये जगात सुमारे ५८५ गिगावॉट नवीकरणीय क्षमता नव्याने उभी राहिली, त्यातील साठ टक्क्यांहून अधिक एकट्या चीनमध्ये; भरपूर ऊन असलेल्या आफ्रिका खंडाच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले, कारण तिथे कर्जाचे व्याज उन्हापेक्षा प्रखर आहे.

शुक्रवार, ऐरोलीची खाडी

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी होड्या सुटतात, त्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानुसार. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरांचा पट्टा २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. हंगाम सरत आला असला तरी चिखलाच्या काठाने काही शेकडा पक्षी माना खाली घालून गाळ चाळीत होते. त्यांच्या डोक्यावरून उच्चदाब वाहिन्या गेलेल्या आहेत. दक्षिणेकडे, धुरकट हवेत, तुर्भ्याच्या समोरच्या किनाऱ्यावर ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसत होती.

इथे प्रश्न खरोखर कठीण होतो. मुंबई महानगराला कोळसा सोडायचा असेल तर बाहेरची हरित वीज आत आणणाऱ्या वाहिन्या हव्यात, आणि महानगराच्या तिन्ही बाजूंना पाणी व कांदळवन असल्यामुळे त्या कुठून तरी तिवरांवरूनच जाणार. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी अशीच खाडी ओलांडून गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताचे कारण पटवून न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय तिवर तोडता येत नाही. हे बंधन विकासाच्या आड येते असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते आवश्यक वाटते, कारण तिवरांच्या मुळांखालचा चिखल शतकानुशतके कार्बन धरून ठेवतो आणि कार्बन कमी करण्यासाठी कार्बनचीच कोठी फोडणे हा उफराटा व्यवहार होईल. राजस्थानातील माळढोक आणि सौर प्रकल्पांच्या तारा यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथेही न्यायालयाला २०२१ चा आपला आदेश २०२४ मध्ये बदलावा लागला. हरित वीज निसर्गाला काहीच मोजायला लावत नाही, असे सांगणारा प्रचार मला प्रामाणिक वाटत नाही. ती कोळशापेक्षा पुष्कळ कमी मोजायला लावते, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि तेवढे खरे आहे.

होडी वळताना स्नेह्यांनी धुराड्यांकडे हात करून ब्रिटनची गोष्ट सांगितली. लंडनच्या होलबॉर्न व्हायाडक्टवर १८८२ मध्ये कोळशावरचे सार्वजनिक वीज केंद्र सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. ज्या देशाने जगाला कोळशाची सवय लावली त्याला ती मोडायला १४२ वर्षे लागली, आणि समुद्रातील वारा हाताशी नसता तर अजून लागली असती. आपण २०७० हे साल निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी ठरवले आहे. स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगरजीवाश्म झाली हा टप्पा भारताने २०२५ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी, गाठला. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. निम्मी क्षमता हरित झाल्यावरही तीन चतुर्थांश वीज काळीच असते, याचे कारण पुन्हा सायंकाळ आणि रात्र.

रविवार, नेरूळ

शनिवार विश्रांतीत गेला. रविवारी भाची ज्या सोसायटीसाठी संचाचा प्रस्ताव घेऊन जाणार होती तिथे आम्हीही गेलो. सिडकोने बांधलेल्या जुन्या चार मजली इमारती, मधे गुलमोहर, सभा तळमजल्यावरच्या सभागृहात. २० किलोवॉटचा प्रस्ताव होता. १८,००० रुपयांच्या दराने अनुदान ३,६०,००० रुपये. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न पुनर्विकासाचा आला, दुसरा गळतीचा आणि तिसरा वरच्या मजल्यावरील काकूंचा : “वर पॅनल बसवले की आमच्या पापडांचं काय?” भाचीने तिन्हींना गांभीर्याने उत्तरे दिली. गच्चीच्या जलरोधनाचे काम आधी करावे, इमारतीची संरचनात्मक तपासणी व्हावी, सांगाडा सुटा करून नव्या इमारतीवर नेता येईल असा नटबोल्टचा असावा, आणि दक्षिणेकडील कठड्यालगतची जागा पापडांसाठी सोडावी.

मग तिने वीज बिल मागितले आणि एक गोष्ट दाखवली जी प्रस्तावात नव्हती. सोसायटीचा सर्वांत मोठा वापर पाण्याच्या पंपाचा होता आणि पंप चालत होता सायंकाळी सहा ते आठ. महापालिकेचे पाणी तर सकाळीच जमिनीखालच्या टाकीत येते. मग पंप सायंकाळी का, याला कोणाकडे उत्तर नव्हते. तो नेहमी त्याच वेळी चालत आला होता. तो दुपारी अकरा ते एक चालवला, तर वरची टाकी सूर्याच्या विजेने भरेल आणि ऐन टंचाईच्या तासातून तेवढा भार काढला जाईल. त्यासाठी ना बॅटरी लागते ना अनुदान. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर महावितरण सवलत देते, त्यामुळे घरातील कपड्यांचे यंत्र आणि इस्त्रीही दुपारी सरकवता येईल, असे तिने जाता जाता सांगितले. दोन नोकरदार जोडप्यांनी “दुपारी घरी असतं कोण?” असे विचारले, आणि तो आक्षेप योग्य होता.

संचाचा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत लांबला. संरचनात्मक तपासणीसाठी तीन दरपत्रके मागवायची असा ठराव झाला. पंपाला वेळनियंत्रक बसवण्याचा खर्च मात्र सचिवांनी सामायिक निधीतून तिथेच मंजूर करून घेतला आणि सोमवारी दुपारी पंप सुरू करण्याची जबाबदारी वॉचमनवर सोपवली. वॉचमनने दुपारी आपल्या जेवणाची वेळ असते हे निदर्शनास आणले. तेव्हा साडेअकरा ते दीड अशी वेळ ठरली.